कोठीतल्या रेकॉर्डी

…नाही हो काकू, आजारी नाही, रात्रभर डोळ्याला डोळा नाही इतकंच — तुम्ही येणार म्हणून नव्हे, तुमच्या मराठी मंडळाच्या त्या नियमापायी. मुलानं आपल्या मनानं एक तरी अख्खं मराठी वाक्य बोललं पाहिजे, तरच गणपतीत स्टेजवर उभं करणार. नियम बरोबरच आहे — गेल्या वर्षी त्या तानाजीनं अथर्वशीर्ष धडाधड म्हटलं आणि खाली उतरून माइकशेजारीच 'मम्मी, समोसा दिला दो' — सगळ्यांच्या माना खाली. पण मी रात्रभर आठवत होते, आमच्या जानकीनं चार वर्षांत अख्खं मराठी वाक्य कधी म्हटलंय का? 'दूध' म्हणते, 'नको' म्हणते, की पुढे लगेच 'हमें नईं पीने'. दोष माझाच. आई मराठी, बाप मराठी, आणि पोर झाशीच्या भाजीवाल्याच्या बोलीत रुसते. येईलच आता, बाबांना टाटा करायला फाटकावर गेलीय.

बसा ना — त्या खुर्चीवर नको, थांबा, रेकॉर्ड आहे. इंग्रजी, हो. अमेरिकेतल्या गुराख्यांची गाणी. यांचा नाद, दुसरं काय. मी म्हणते, घरात पोरीच्या कानावर मराठी पडू द्या, पण ऐकतंय कोण. कुठून आणतात? रेल्वे कॉलनीतल्या डोरोथी मॅडम आहेत ना, त्यांचे साहेब मेल ड्रायव्हर होते — त्या मुलाकडे ऑस्ट्रेलियाला चालल्यात, घर रिकामं करतायत. पण एकदम देत नाहीत, जीव अडकलाय. दर मंगळवारी एक. आधी चहा, मग ती वाजवून दाखवणार, मग गाण्यात कोण कुणाला सोडून गेलं ते समजावणार, मग फ्रॉकच्या घेराला पुसून आपल्या हातात — म्हणजे, असं हे सांगतात मला.

ही रेकॉर्ड खोलगट दिसते? ते माझं शहाणपण. सासूबाई — आता गावी, गुरसरायला गेल्यात — म्हणाल्या, मांसमच्छी शिजणाऱ्या घरातली वस्तू, शुद्ध करून घे. मी बी.ए. झालेली, मला असलं पटत नाही. पण पटत नाही म्हणून करायचं नाही, इतकी काही शिकले नाही. रिठ्याच्या पाण्यात धुतली आणि गच्चीवर वाळत घातली, पापडांच्या शेजारी. झाशीचा मे महिना, काकू. पापड छान निघाले. हिची परात झाली. आता तो माणूस विहिरीत उतरून गातो, मध्येच वर येतो, पुन्हा बुडतो. पण त्याला ते शोभतं — गाण्यात असतं काय? गाडी सुटली, बायको गेली, आई लांब राहिली, हा पितोय. आपल्या रेल्वे कॉलनीत याहून निराळं काय आहे? घोडा तेवढा जास्तीचा, आणि घोडा तर झाशीत पुतळ्यालासुद्धा आहे.

आणि सोय किती. मराठी गाणं लावून डोळे पुसले की सासूबाई लगेच विचारणार, काय झालं, कोण काय बोललं, माहेरचं पत्र आलं का. याच्यावर पुसले की त्यांना वाटतं, इंग्रजीनं डोकं दुखलं. कोण पुसतं म्हणजे? कुणी नाही. हे. यांचा स्वभाव जरा हळवा.

हा रेकॉर्डीवरचा कोंडा ना, गव्हाचा. कोठीत ठेवतो आम्ही, सात आहेत, गव्हात खुपसून. ऊन नको लागायला म्हणून. हो, यांच्याच, पण यांना — यांना ठाऊक आहे की. बहुतेक. आज हे निघाल्यावर आत्ताच बाहेर काढली… पुसायला. तुम्ही अशा काय बघताय काकू, मंडळाला रेकॉर्डींचं काय, तुम्ही पोरीचं वाक्य ऐकायला आलात ना — ही बघा, आलीच. ये गं जानकी, चप्पल काढ, काकूंना नमस्कार कर. शहाणी. आता काकूंना ऐकू दे हं, मराठीत, एकच, तुझ्या मनातलं. काहीही चालेल, बाळा, काहीही —

"आई, बाबा वळणापलीकडे गेले, आता तुझं रडायचं गाणं लाव."