धनुष्य दिलं, दोरी ठेवली

हॅलो? … हॅलो! हो, कुंभकोणमच. हो बाई, रुक्मिणीबाईच बोलतेय, जोडा दिल्ली… कोण, गोपाळा? अरे, मोठ्यानं बोल!

… अक्काच रे, तुझी अक्का. नटराजअण्णांच्या भांड्यांच्या दुकानातून. धापा टाकतेय, कारण पळत आले. ट्रंक कॉल म्हटल्यावर हातातली कामं तशीच टाकली. … सगळे बरे आहेत. रामनवमीचा उत्सव चाललाय, उद्या जन्म. कल्याणरामबुवांचं कीर्तन तर असं रंगलंय की… काय? बुवांबद्दलच फोन?

… कुठल्या पेपरात? … हां, तो इथला तमिळ साप्ताहिकवाला! मागं खांबाला टेकून बसला होता मेला. प्रसाद दोनदा घेतला. … तुझ्या साहेबापर्यंत गेलं? … उद्या बुवांनी उभं राहून सांगायचं, की ती गोष्ट मी उगाच रचली, खोटी आहे? असं म्हणतो तुझा साहेब? अरे, नारदाच्या गादीवर उभा राहिलेला माणूस तो! गळ्यात हार, पायांत चाळ, समोर राम. तिथं उभं राहून…

हळू? हळू बोलले तर तुला दिल्लीत ऐकू कसं येणार? … दोन गिऱ्हाइकं आहेत, त्यांना आपली मराठी कळत नाही. अण्णांना कळते. अण्णा, तुम्ही घंगाळ पुसा हो, कान इकडे नकोत.

… बुवा काय म्हणाले? तेच म्हणाले. एक राजा होता, शेजारचा राजा त्याचा मित्र. मित्रानं सोन्याच्या मुठीचं धनुष्य विकत दिलं, पण दोरी वळायची विद्या घरीच ठेवली. दोरी तुटली की जा त्याच्या दारी. आणि वर म्हणाला, दुसऱ्या कुणाकडून नुसता भाला घेतलास, तरी दोरी बंद. … एवढंच! विमान म्हणाले नाहीत, जेट म्हणाले नाहीत, कुठल्या देशाचं नाव नाही. … लोकांना कळलं, त्याला बुवांनी काय करायचं? काफी क्लबात सकाळपासून जेटच्याच गप्पा चाललेल्या असतात.

… मी नाही सांगितलं बुवांना. तूच सांगितलंस. … तुझं पत्र रे! विसरलास? परगावी गेलेल्या मुलाचं पत्र आधी पांडुरंगाच्या पायाशी, मग बुवांनी मंडळींसमोर वाचायचं. आपल्या अप्पांच्या वेळेपासून. मी देवाआधी पाकीट फोडलंय का कधी? … 'फक्त अक्कासाठी' असं आत लिहिलंस! आतलं बाहेरून दिसतं?

… अरे, अगोदर ऐक ना. ऐक तर! बुवांनी दिल्लीची थंडी वाचली, तुझ्या पोटदुखीचं वाचलं, आणि एकदम थांबले. घडी घातली. म्हणाले, "बाकी सर्व कुशल. टाळ घ्या." … नाही, एक अक्षर पुढं गेलं नाही. पुढचं, विमानांच्या सुट्या भागांचं, मला मागाहून बाजूला घेऊन सांगितलं. तीन दिवसांनी ती कथा सांगितली. तुला झाकलं रे त्यांनी! आणि तू त्यांनाच खोटं बोलायला लावतोस? टाळ कसा धरायचा हे ज्यांनी तुला शिकवलं, त्यांना?

… अजून काय म्हणतो तो? … कुठला परिच्छेद? … थांब. थांब, गोपाळा. मला लिहिलास तोच? तो विमानखरेदीच्या तुझ्या टिपणातून साहेबानं काढायला लावला, आणि सोमवारी तू सही करायची? … विमानं विकणारा मित्र रागावेल म्हणून? अय्यय्यो! असला कसला रे मित्र? आमची वांगीवाली उद्या म्हणाली, भेंडी दुसरीकडे घेतलीस तर वांगं देणार नाही, तर मी तिची टोपली उचलून तिच्याच डोक्यावर ठेवीन! आणि तुम्ही एवढे शिकलेले…

… गुपित, गुपित! शत्रूला कळू नये, हे मला कळतं. पण सरकारचीच गोष्ट सरकारलाच कळू नये, हे कुठलं गुपित? … हो, तुझी चूक आहेच. मला लिहायला नको होतं. जिथं लिहायचं तिथून खोडलंस, आणि नको तिथं लिहिलंस!

… नागलक्ष्मी आठवते? तिचा मणी हवाईदलात आहे. तुम्ही घ्याल ती विमानं तोच उडवणार. ती रोज पुढं बसते. दोरी तुटली म्हटल्यावर सगळे हसले, ती हसली नाही. उठताना माझा हात धरला. "अक्का, ही कथाच ना?" … काय सांगणार? कथाच गं, म्हटलं. तुझ्यासाठी एवढं खोटं बोलले मी, रामासमोर. यापुढं नाही बोलणार. बुवांनाही बोलू देणार नाही.

… गोपाळा? … रडू नको रे. … जाईल, नोकरी जाईलही. मी नाही म्हणत नाही. बायकोला, महालक्ष्मीला, आणि पोरांना घेऊन ये इकडे. दोन खोल्या आहेत, विहीर आहे, पांडुरंग आहे.

कोण? … वेळ झाली? बाई, जरा थांबा हो, भावाशी बोलतेय!

… ऐक. विमानं घेऊ नका, असं कोण म्हणतं? घ्या. मणीच्या हातात काहीतरी हवंच. पण तो परिच्छेद परत लिही, आणि मग सही कर. ज्याला खोडायचा त्यानं आपल्या हातानं खोडावा आणि खाली आपलं नाव घालावं. … साहेबानं विचारलं, कुणाला सांगितलंस, तर माझं नाव सांग.

… लिहिशील? … मोठ्यानं म्हण. … शरी, ठरलं तर. आता पोटाला सांभाळ, मिरची कमी खा. उद्या बारा वाजता रामाला हात जोड, मी तुझ्या नावानं गुळाचं पानक वाटीन.

… पुढचं पत्र? ते देवासमोरच जाणार, गोपाळा. त्यात बदल नाही. तेव्हा सोमवारी असं काही कर, की ते बुवांना शेवटपर्यंत वाचता येईल. … ठेवते.