बेहड्यावरली मोरघार

नाई पोरी, ठेव ते दुर्बीन पिशवीत — मोरघारीचं घरटं मी कोनाले दाखवत नाई आता. काऊन म्हनजे? मागच्या एप्रिलात दाखवलं, म्हनून. गजेंद्र नाव त्याचं, नागपूरचा, तुह्यासारखाच गळ्यात कॅमेरा. आमचा बुढा — नवरा माहा, पुनाजी म्हन्ते सारे — आर्वीले गेलता त्या दिवशी. घरटं त्यानंच हुडकलतं, बेहड्याच्या झाडावर. मोहफुलं वेचता वेचता आमी दोघं समोरच्या टेकडीवरून पाहाचो. एकच पिल्लू, फुटल्या बोंडावानी पांढरं. बुढा म्हने, रामबाई, कोनाले सांगजो नोको, साऱ्या रानात हे एकच घर आहे. मी नाई सांगितलं — नाई, सांगितलं, तुले खोटं काऊन बोलू? तो गजेंद्र म्हने, मावशी, तुमच्याइतकं रान कोनाले समजत नाई. असं मले जन्मात कोनी म्हनलं नवतं.

मंग फोटोत एक फांदी आडवी येत होती. तोडली कोनीतरी. त्या फांदीचीच तं सावली होती घरट्यावर! अन् माय कशी झडप घालत होती डोक्यावर — हे पाह्य, कानामागं अजून तिच्या नखाचा वन आहे —

बरं, मीच. मीच चढली, लुगडं खोचून.

दुसऱ्या दिवशी पाह्यलं, तं ऊन सरळ घरट्यात. माय पंख पसरून उभी पिल्लावर, चोच वासलेली, हालून नाई राह्यली. नरानं सरडा आनला, तिकडं तिनं पाह्यलं बी नाई. तिसऱ्या दिवशी पिल्लानं मान टाकली. तरी दोन दिवस माय तशीच, पंख पसरून. मेलेल्याले ऊन लागते का, सांग बरं? मी डोळे मिटले का अजून तेच दिसते.

बुढ्यानं विचारलं, "फांदी कशी पडली?" म्हनलं, वावधन आलतं. त्यानं खालची फांदी उचलली, बोट फिरवलं तुटल्या जागेवरून. वाऱ्यानं तुटली तं चिंध्या निघते लाकडाच्या, हे तं सपाट, कुऱ्हाडीचं. फांदी खाली ठेवली अन् घराकडं चालाले लागला. मारलं असतं तं बरं झालं असतं.

यंदा बी घरटं आहे म्हन्ते. बुढा सकाळी एकलाच जाते, दुपारी येते. मी भाकर वाढतो, विचारतो, पिल्लू आहे का? तो पानी पिते. कोन्या झाडावर, तेबी मले सांगत नाई.

ऊठ आता. आंजीची गाडी चुकन तुही. अन् बुढा वाटेत भेटला, तं मी बोलली म्हनून सांगजो नोको.