कड्यावरचा लाल शर्ट

नाही हो दादा, त्या वाटेनं आत्ता नका जाऊ. खाली ओढ्यात बबूनांचा कळप उतरलाय, सत्तर-ऐंशी तरी असतील, आणि तुमच्या हातात पिशवी — पिशवी दिसली की आत काय आहे ते विचारत बसत नाहीत ते. मागच्या महिन्यात मास्तरीणबाईंच्या हातातून पावाचं पुडकं ओढून नेलं, सोबत परीक्षेचे पेपरही गेले, पोरं आठवडाभर त्या बबूनाला सलाम ठोकत होती. चढा वर. तिसरी पायरी सोडून पाय टाका, ती नुसती दाखवायला आहे. हां. बसा आता. जुंदीच्या आईला भेटायचंय — ऐकलं मी, दोनदा सांगितलंत. ती माझीच आई. मी इफ्तू, त्याची धाकटी बहीण. आई घरी नाहीये, कुठं गेलीय ते सांगते, एवढ्या लांबून चालत आलात तर घटकाभर माळ्यावर बसल्यानं काय बिघडतंय? काही बिघडत नाही. ज्वारीच्या लाह्या घ्या. दात सांभाळून, मी भाजल्यात.

तो बघा, त्या खडकावर. खांद्यावर पांढरी शाल घेतल्यासारखी दिसतेय ना? शाल नाही, केस आहेत ते, रोज दोन-दोन बायका बसून विंचरतात. तोंड गुलाबी, भाजल्यासारखं. आणि बुडाचं मी काय सांगू, तुम्ही मोठे आहात, तुम्हीच बघा. चालतो कसा — जशी ही सगळी ज्वारी ह्यानंच पेरलीय आणि मला राखणीला ठेवलीय. मागच्या त्या तपकिरी, लहानखुऱ्या, त्या त्याच्या बायका. एखादी मागं रेंगाळली की हा नुसत्या भुवया उचलतो. तेवढ्यानं आली तर ठीक, नाहीतर मानगुटीला चावतो, आणि ती काय करते? ती किंचाळत त्याच्याच मागं पळत येते. आणि जांभई दिली तर झोप आलीय असं समजायचं नाही, सुळे दाखवतोय तो. जुंदीला असली जांभई हुबेहूब जमायची — जमते. कामाला समुद्र ओलांडून गेला ना, तिकडून त्यानं फोनवर आवाज पाठवला होता, म्हणाला समुद्रापलीकडच्या डोंगरातपण हेच बबून आहेत गं इफ्तू, हीच शाल, हेच बूड, आणि त्यांना कोणी कागद विचारत नाही. हसला होता त्यावर. तो आवाज गावातल्या युया आजोबांच्या नातवाच्या फोनात आहे अजून. आई शुक्रवारी जाऊन ऐकते.

जुंदी इथं होता तोवर राखण त्याची. नुसता उभा राहिला तरी कळप पळायचा — हां, म्हणजे मघाशी मी खोटं बोलले, तुम्हाला बघूनही पळालेच असते, पिशवीसकट जाता आलं असतं. पुरुषाला घाबरतात ते. बाईमाणसाला नाही. जुंदी गेल्यावर पहिल्याच आठवड्यात एक तिथं, त्या एरंडाजवळ बसून कणीस सोलत होता, माझ्याकडे बघत, सावकाश. मी गोफण फिरवली. दगड त्याच्या शेजारी पडला. त्यानं उचलला, वास घेतला, टाकून दिला. अपमान कशाला म्हणतात ते शाळेत नाही शिकवलं, त्यानं शिकवलं. शाळा तशीही सुटलीच — ज्वारी पोटरीत आली की मी इथं, कापणी झाली की परत वर्गात, तोवर वर्ग कुठच्या कुठं गेलेला. मग मी जुंदीचा कोट चढवला, डोक्याला फडकं, कोळशानं मिशी काढली. तीन दिवस फसले. चौथ्या दिवशी मला शिंक आली, आणि सगळा कळप मान वळवून बघायला लागला, कुणीतरी वाईट गाणं म्हटल्यासारखं. झालं. त्या कोटात मी घरी गेले तेव्हा आई चुलीपाशी होती. दारात मला बघून ताडकन उठली. मग बसली. मी मिशी पुसून टाकली.

पाणी हवंय? भोपळ्यात आहे, घ्या.

तर युया आजोबा म्हणाले, एक जुनी रीत आहे. त्यांच्या तरुणपणी केली होती म्हणे. कळपातला एक धरायचा, माणसाचे कपडे चढवायचे आणि सोडून द्यायचा. तो आपल्या लोकांकडे धावणार, ते माणूस आला म्हणून पळणार, ते पळाले म्हणून हा आणखी जोरात मागं धावणार — असं करत अख्खा कळप खोरं सोडून जातो. आता धरायचा कसा? तो अल्लानंच आणून दिला. आमचं पेव रिकामं झालं होतं, ज्वारी साठवायचं, ते घरामागचं. पेवात उतरायचं असलं की आधी दिवसभर तोंड उघडं ठेवावं लागतं, आतली हवा कोंडून वाईट झालेली असते, माणूस चक्कर येऊन पडतो. मी तोंड उघडलं आणि विसरले. सकाळी बघते तर आत एक तरुण नर. तळाला राहिलेले दाणे वेचायला उतरला असणार, आणि दारू चढल्यासारखा आडवा झालेला. मी आणि फोझी — फोझी म्हणजे शेजारची, डोकं कमी पण मनगटात ताकद — आम्ही फास टाकून वर ओढला. शाल नुकती फुटायला लागलेली, पोरांना मिशी फुटते तशी. नखं माणसासारखी, आत मळ. डोळे अर्धे उघडे, माझ्याकडे बघत होता. मला वाटलं काहीतरी विचारतोय. काय विचारणार, माकड ते. शर्ट डोक्यातून घातला, हात बाह्यांतून काढले — लहान पोराचे काढतात तसे — कमरेला घायपाताच्या दोरीनं मागून गाठ मारली, आणि पळालो.

लाल शर्ट. फुटबॉलचा. पाठीवर नऊ आकडा. ओळखलात ना? मला वाटलंच, तुम्ही ओळखाल. जुंदीकडे तसले दोन होते, एक घालून गेला.

सांगते ना, पुढचं सांगते. शुद्धीवर आल्यावर तो कड्याकडे गेला. सकाळची वेळ, ऊन चढलेलं, सगळे ओळीनं बसून एकमेकांच्या उवा काढत होते. त्यांच्यात रीत असते, आपला माणूस भेटला की पाठ वळवून बूड दाखवायचं — हसू नका, त्यांचा सलाम आहे तो. हा गेला, वळला, शर्ट जरा वर सरकला, सलाम केला. एक क्षण कोणीच हललं नाही. मग जे पळाले ते. पिल्लं आयांच्या पोटाला लटकलेली, म्हातारे कड्यावरून उड्या मारतायत, आणि हा मागं. मी आणि फोझी इथं ह्या माळ्यावर लोळून हसत होतो, फोझी पडली खाली, तीच ती तिसरी पायरी. पण त्यांच्यात एक छोटीशी मादी होती, वर्षाची असेल, ही तरुण पोरं अशी एखादी सांभाळतात, कडेवर घेऊन फिरतात, मोठी झाली की बायको. ह्याची होती ती. तिला तो मागून गाठायला गेला आणि ती अशी ओरडली — मी ऐकलेत हो बबून ओरडताना, बिबट्या आला तरी तसे नाही ओरडत. तो थांबला. हाताकडे बघितलं. बाही हुंगली. फोझी अजून हसत होती. मी पण हसले थोडी.

बारा दिवस एक कणीस गेलं नाही आमचं. सगळं गाव म्हणायला लागलं, इफ्तूचं डोकं बघा. मग कळप परत आला, पण आता पलीकडच्या कड्यावर झोपतो, आणि हा शर्टवाला एकटा ह्या कड्यावर. त्यानं ओढा ओलांडला की ते उठतात. रोज एकदा जाऊन बघतो तो. मग परत येऊन बसतो, गुडघ्यांवर हात टेकून, खाली घरांकडे तोंड करून.

आणि आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू.

कळलं तुम्हाला. मला नव्हतं कळलं आधी. ती सरपण घेऊन आली, मोळी टाकली आणि म्हणाली, इफ्तू, जुंदी आलाय. मी म्हणलं कुठं. म्हणाली, वर कड्यावर बसलाय, लाल शर्टात. खाली यायची लाज वाटतेय लेकराला. किती पोरांना विमानात घालून परत पाठवतात, रिकाम्या हातांनी, बाजारापर्यंत येतात आणि घरी येत नाहीत — आपल्या हसनचा पोरगा नाही का चार महिने शहरात लपून राहिला. मी खोटंच म्हणलं, आई, शर्ट तर आपल्या खुंटीवर आहे. तेव्हा ती आत गेली, चाचपलं, आणि बाहेर आली ती — तिचं तोंड मी कसं सांगू तुम्हाला. म्हणाली, बघ, घरात येऊन गेला, मी नसताना. शर्ट घेऊन गेला.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. माहितेय मला. जीभ काय कमी आहे का मला, सगळं गाव म्हणतं, जीभ आवर. पण तिनं त्या दिवशी स्वतःहून भाकरी खाल्ली. आता रोज ह्या वेळेला वर जाते, त्या सपाट दगडावर भाकरी आणि ताक ठेवते, हाका मारते, आणि लांब जाऊन पाठ करून बसते, म्हणजे त्याला संकोच नको. तो येऊन खातो. भांडं रिकामं मिळतं. भांडं रिकामं मिळाल्यावर आणखी काय पाहिजे माणसाला? गावातल्या पोरांना मी दम दिलाय, कोणी बोललं तर त्याच्या अंथरुणात विंचू सोडीन. युया आजोबा म्हणतात पाप आहे. म्हणतात, तुझा खेळ झाला. आणि मी त्यांना काय सांगणार, की तो खेळ नव्हता.

नव्हता. दुसरा कुठलाही चालला असता शर्ट. बाबांचा फाटका सदरा होता, पोतं होतं. पण आई तो शर्ट महिन्याच्या महिन्याला धुवायची, कोणी न घातलेला, आणि वाळवून परत खुंटीला लावायची, आणि मला ते बघवत नव्हतं कारण मला — दादा, तुम्ही मघाशी खालून हाक मारलीत ना, जुंदीचं घर कुठलं म्हणून, तेव्हाच मी आवाज ओळखला. दोन महिन्यांपूर्वी युया आजोबांच्या नातवाच्या फोनवर तुम्हीच होतात. तुम्ही म्हणालात, जुंदीच्या घरचं कोणी आहे का, आणि मग घसा खाकरलात. चांगली बातमी असती तर कोणी घसा खाकरत नाही. मी म्हणलं राँग नंबर. परत वाजला तेव्हा पण मीच म्हणलं. मग मी तो नंबर काढून टाकला फोनमधून, ते येतं मला, तेवढी शिकलेय. आणि चार दिवसांनी पेवात ते माकड सापडलं, आणि मी म्हणलं, चला, शर्ट तरी जाईल घरातून.

पिशवी उघडू नका. नको. राहू दे बंद.

असं करा ना — तुम्ही असं सांगा, तो आला होता, खरंच आला होता, तुम्हाला वाटेत भेटला, आणि लाज वाटली म्हणून परत गेला कामाला. कड्यावरचा मी घालवते कुठंतरी, शर्ट काढून घेते, फोझी आहे. तुम्ही मोठे आहात, बूट घातलेत, तुमचं तिला खरं वाटेल. लगेच मान हलवू नका. जरा विचार करा, माणसानं विचार करायला काय जातं?

नाही.

बरं.

तुम्ही होतात का तिथं? तुमच्या हातांनी पुरलंत? — बरं. तोंड काब्याकडे केलं होतं ना? नीट सांगा हं ते, ती पहिलं तेच विचारेल. आणि तहानेनं गेला की कशानं ते तिनं विचारल्याशिवाय सांगू नका. मला पण नका सांगू.

ऐकलंत? ती आईच. दगडापाशी पोचली. म्हणतेय, रिकाम्या हातानं आलास तरी आलास ना. रोज हेच म्हणते.

उठा मग. शिडी उतरून सरळ वर, वाट एकच आहे. मी नाही येत. कणसं कोण राखणार, मगाचपासून दोन गेली असतील तुमच्या नादात. जा ना. आणि पाठीमागून जाऊ नका तिच्या. लांबूनच थांबून तुमचं नाव सांगा, मोठ्यानं, बापाचं पण सांगा. तिला नीट दिसत नाही, आणि तुम्ही साधारण त्याच्याच उंचीचे आहात. आधी नाव सांगा. मग जवळ जा.