टाकी चारला उतरते

मॅडम : थांबा काका, पुन्हा सांगा. गावात राहती घरं किती?

काका : एक. माझं.

मॅडम : आणि टाकी रोज दोनदा भरता?

काका : भरावी लागते. संध्याकाळपर्यंत कोरडी ठणठणीत.

मॅडम : म्हणजे पाइप कुठेतरी फुटलाय.

काका : गळती कशी शोधायची ते तुम्हीच शिकवलंत, दहा वर्षांपूर्वी. सगळी लाइन पालथी घातली. टिपूस गळत नाही. पंपाचं ते काळं चाक जरा डावीकडे फिरवता? माझा खांदा भरून आलाय.

मॅडम : इतकं?

काका : दीड फेरा. हं, बास. मग हे हिरवं बटण. काटा हलेपर्यंत त्यावरचा हात काढायचा नाही. आत्ता नका दाबू, टाकी भरलेलीच आहे. असू द्या लक्षात.

मॅडम : काका, मी मोटर शिकायला आले नाही. परदेशातल्या लोकांनी ही पाणीयोजना उभी केली आणि ते गेले. आपल्या मागे ती टिकली का, एवढंच त्यांना हवंय. बेचाळीस घरं उठून गेली आणि पाणी जोरात चालू, असं लिहिलं तर वेड्यात काढतील मला.

काका : खोटं कुठे आहे? टिकली की.

मॅडम : लोक गेले कधी?

काका : कारखाना बंद पडल्यावर, पोटामागे. सगळे सुखरूप आहेत हो. चौथ्या घरातली सून परवाच फोनवर म्हणाली, काका, इथे कितीही प्या, तहान काही जात नाही.

मॅडम : मग इथले नळ कोण सोडतं?

काका : मला विचारता होय? माझी लेक सात वर्षं बोलावतेय. नातू शाळेत जायला लागला, मी त्याला अजून हात लावलेला नाही.

मॅडम : अहो, मग जायचं ना.

काका : भिंतीवरचं वाचा. अक्षर तुमचंच आहे.

मॅडम : "दुसरा माणूस तयार केल्याशिवाय पंपवाल्याने जागा सोडू नये." काका, हे गावात माणसं असतील असं धरून लिहिलं होतं. चुकलंच माझं. आत्ता खोडते. मोटर बंद करा आणि चला माझ्या गाडीतून.

काका : एकदा केली होती बंद. पिशवी घेऊन फाट्यापर्यंत गेलो. मागून भांडी वाजायला लागली, रिकामी. आधी एक, मग दहा, मग बेचाळीस घरांची. पार फाट्यापर्यंत मागे आली.

मॅडम : कोण होतं?

काका : वळून बघायची छाती झाली नाही. परत येऊन बटण दाबलं, तेव्हा थांबलं.

मॅडम : एकट्या माणसाला भास होतात, काका.

काका : होत असतील. तो टाकीचा काटा बघा. तुम्ही आलात तेव्हा कुठे होता?

मॅडम : वर. पूर्ण वर.

काका : आणि आता?

मॅडम : अर्ध्याच्या खाली. काका, आपण तर इथेच बसलोय.

काका : चार वाजले. उतरायला लागली. आता आधी काय करायचं?

मॅडम : काळं चाक डावीकडे, दीड फेरा.

काका : मग?

मॅडम : हिरवं बटण. काटा हलेपर्यंत हात काढायचा नाही.

(मोटर सुरू होते.)

काका : बघा, मी खांदासुद्धा हलवला नाही.

मॅडम : काका, ती पिशवी कशाला घेतलीत?

काका : तुमच्या ड्रायव्हरला सांगून ठेवलंय, मॅडम मुक्कामाला आहेत, जाताना मलाच न्यायचंय. रागावू नका. नातवाला एकदा मांडीवर घ्यायचंय हो मला.

मॅडम : हे बघा, असं करू नका. मी हात काढते.

काका : काढा.

मॅडम : काका... दाराबाहेर कुणीतरी भांडं ठेवलं.

काका : ठेवतात. माणूस नवा आहे ना, पाणी येतं की नाही बघत असतील. आता सकाळी सहाला भरा. आणि तुमच्या त्या कागदावर लिहून टाका, पंपवाला नियमाप्रमाणे गेला.