नीलाबाईंच्या घरावरचा उजेड

आदरणीय अध्यक्ष बापूरावजी, व्यासपीठावरील मान्यवर, शाळेचे मुख्याध्यापक राजदीप सर, आजच्या सत्कारमूर्ती सत्यशीला रामटेके बाई, त्यांच्या कन्या संघप्रिया, समोर बसलेले शिक्षक, पालक, विद्यार्थी आणि आरमोरीकडून सकाळची बस धरून इथवर आलेली मंडळी,

बोलण्याआधी एक गंभीर तक्रार नोंदवतो. माझ्यापुढे टेबलावर जो पुष्पगुच्छ ठेवला आहे, त्याची उंची कोणत्याही सभाशास्त्रात बसत नाही. अध्यक्ष माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसले आहेत, असं मला सांगण्यात आलं. तासभर मला फुलांच्या दांड्यांतून फक्त एक पांढरी टोपी हलताना दिसते आहे. सत्यशीलाबाईंच्या शिस्तीत मी तयार झालो असल्याने, अध्यक्ष उपस्थित आहेत असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. गुच्छामागे कोणीतरी दोनदा खोकलं, एवढीच नोंद करतो.

असो. बाई तीस वर्षं या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त होत आहेत आणि पुढच्या आठवड्यात लेकीकडे पुण्याला जात आहेत. त्या शिकवत कशा होत्या हे माझ्या आधीच्या सहा वक्त्यांनी सांगितलं. मी शाळेबाहेरच्या बाईंबद्दल बोलणार आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत कुठेही आभाळात काही दिसलं, झाडावर काही बसलं, विहिरीत काही बोललं, की लोक आधी मला फोन करत, कारण मी वार्ताहर. आणि मी बाईंना फोन करत असे, कारण मी घाबरट. बाई चालल्या आहेत. फोन वाजायचे थांबलेले नाहीत. माझ्यापुढचा प्रश्न एवढाच आहे.

बावीस वर्षांत आम्ही एकसष्ट प्रकरणं पाहिली. घुग्घुसवर तरंगणारी लाल तबकडी निघाली खाणीच्या धुळीवर पडलेला दिव्यांचा उजेड. आभाळातून ओळीनं चाललेली वरात निघाली कोणाच्यातरी उपग्रहांची. सागाच्या झाडावरची पांढरी बाई निघाली वाऱ्यानं उडून अडकलेली ताडपत्री. मी संस्कृत पाठशाळेत शिकलेला माणूस. पहिल्याच प्रकरणात मी बाईंना ऐटीत समजावलं होतं, की शास्त्रकारांनी याला भ्रम म्हटलं आहे, शिंपला चकाकला की चांदी भासते. बाई म्हणाल्या, "भाऊ, शिंपला हाय हे सांगाले शास्त्र लागत नाई. पण ज्याले चांदी दिसली त्याचं तोंड कसं झालं होतं, ते पाह्यलं का तुमी?"

मी पाहिलं नव्हतं. मी आभाळाकडे पाहत होतो.

बाईंची पद्धत साधी. पाहणाऱ्याला खोटं म्हणायचं नाही आणि त्याच्यासमोर हसायचं नाही. तो जिथे उभा होता तिथेच त्याला पुन्हा उभं करायचं, हात लांब करायला लावायचा आणि विचारायचं, झाडाच्या शेंड्यापासून किती बोटं वर? मग, कोणत्या बाजूला सरकलं? शेवटी, तुमच्या मनात तेव्हा काय आलं? हे शेवटचं उत्तर बाई सगळ्यात मोठ्या अक्षरात लिहून घेत.

आता एक गोष्ट सांगतो. ती ज्यांची आहे त्या नीलाबाई तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना विचारूनच सांगतो आहे.

आरमोरीपलीकडच्या त्यांच्या गावात एका माघात रोज दिवेलागणीला पश्चिमेकडे एक मोठा उजेड दिसायला लागला. गाव पारावर बसे आणि उजेड बरोबर नीलाबाईंच्या घरावर थांबे. थोडा थरथरे आणि मग घरामागे उतरे. नीलाबाई विधवा, एकट्या. त्याच महिन्यात गावात दोन बैल दगावले आणि लोक करणीचं बोलू लागले. मला फोन आला, मी गेलो, पाहिलं आणि आमच्या पेपरात बातमी दिली. मथळा मीच दिला होता, 'घरावर उतरतो गूढ प्रकाश'. घर कोणाचं, तेही लिहिलं. नावानिशी. माझ्या बातमीचं कात्रण पारावरच्या खांबाला चिकटलं, आणि नीलाबाईंच्या हातचं पाणी गावानं बंद केलं. दुकानदार सामान ओट्यावर ठेवून मागे सरके.

बाईंनी बातमी वाचून मला एवढंच विचारलं, "कुठी उभे होते तुमी?"

दुसऱ्याच संध्याकाळी आम्ही त्या पारावर होतो. सगळं गाव जमलं होतं. गुणवंतराव नावाचे एक मोठे शेतकरी सर्वांत पुढे. त्यांचाच एक बैल गेला होता. ते म्हणाले, "पाहा बाई, डोयानं पाहा. तिच्याच घरावर येते. काऊन दुसऱ्याच्या घरावर येत नाई?"

"बरोबर हाय," बाई म्हणाल्या. "तिच्याच घरावर हाय. आता सारे जण चला माह्यासंगं, बोरिंगपर्यंत."

सगळे हातपंपापर्यंत चालत गेले. तिथून बाईंनी वर बघायला सांगितलं. उजेड गुणवंतरावांच्या माडीवर उभा होता.

मग मागून एक म्हातारा म्हणाला, "गुणवंता, तू बी करते का रे काई?"

लोक हसायला लागले. बाईंनी हात वर केला. "हसाचं नाई. अजून चाला." शाळेपाशी गेलो, उजेड शाळेवर. देवळापाशी गेलो, देवळावर. चालता चालता गावाला आपोआप कळत गेलं, की तो कोणाच्याच घरावर नाही, फार फार लांब आहे. तेव्हा कुठे बाई म्हणाल्या, की हा शुक्र. महिनाभरानं दिसेनासा होईल, पुन्हा येईल, कोणाचा बैल त्याला ठाऊक नाही. गुणवंतराव मान खाली घालून म्हणाले, "पण बाई, बैल तर गेलाच ना माहा." बाईंनी त्यांना गुरांच्या डॉक्टरचा नंबर दिला.

इथवरची हकीकत मी दुसऱ्या दिवशी छापली. पुढची छापली नाही. ती आज सांगतो.

बाई तिथून सरळ नीलाबाईंच्या ओट्यावर जाऊन बसल्या, सगळ्या गावादेखत, आणि म्हणाल्या, "बाई, चहा मांडा. थकलो आम्ही." दोन कप आले. बाई चहा प्यायल्या. आणि बावीस वर्षं शास्त्राच्या गप्पा मारणाऱ्या या तुमच्या वार्ताहराला अचानक निर्जळी एकादशी आठवली. तिथी कोणती होती हे मी नंतर पंचांगात पाहिलं. षष्ठी होती. माझ्या हातातला कप तसाच निवला. गाव बघत होतं.

परतीच्या बसमध्ये बाईंनी तिकिटं काढली. मग म्हणाल्या, "तुमी बी भेले ना भाऊ?"

"भ्यालो."

"मंग तसंच लिहा. समद्यात कामाची बातमी तेच हाय."

मी लिहिलं नाही. नीलाबाई, आज मी सभेसमोर तुमची क्षमा मागतो, मथळ्याबद्दल आणि त्या कपाबद्दलही.

त्याच प्रवासात बाईंनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांचे वडील घुग्घुसच्या खाणीत होते. पाळी संपवून आले की लहानग्या सत्यशीलेला खाटेवर शेजारी घेऊन धुळीतून जे चार तारे दिसत ते मोजायला लावत. बाई म्हणाल्या, "इतके वर्षं झाले, भाऊ, समदंच कायचं ना कायचं निघते. एखादं तरी नाई निघावं, असं वाटते. बाबाले सांगाले." मलाही तसंच वाटत आलं आहे, पण मला वाटतं तेव्हा मी मथळा देतो, बाईंना वाटतं तेव्हा त्या पुन्हा त्याच जागी जाऊन उभ्या राहतात. एकसष्टांतलं एकही गूढ उरलं नाही. आता त्या पुण्याला जातील. तिथे रस्त्यांवरच्या दिव्यांतून चार तरी तारे दिसतील का, संघप्रिया, हे तेवढं बघून कळव.

संयोजकांनी मला बोलू दिलं, अध्यक्षांनी खोकण्यापलीकडे काही केलं नाही, तुम्ही शांतपणे ऐकलंत, याबद्दल सर्वांचा ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, एखादा शब्द जास्त गेला असेल, तर पोटात घाला.

आता खरं सांगतो आणि बसतो. परवा देवाजी नावाच्या एका कोतवालाचा फोन आला. त्यांच्या गावातही उजेड दिसतो आहे आणि तिथेही एका बाईचं नाव दबक्या आवाजात घेतलं जाऊ लागलं आहे. शुक्रवारी मी जातो आहे, एकटा. उजेड कशाचा हे मी बहुतेक ओळखेन, तेवढं बाईंनी शिकवलं आहे. मला काळजी माझी वाटते. तिथे मी पुन्हा भ्यालो, तर माझ्याकडे बघून सगळं गाव भिईल, आणि त्या बाईला वाचवायला तिथे दुसरं कोणी नसेल.