चाफा झडतो, हे मला ठावं न्हवतं

आमचं मूळ गाव माकणीच्या अंगाला, धरणापासनं जवळच, आमी धनगर, बापानं मेंढरं राखली अन् म्या बी तेच केलं, शाळेचं तोंड बघितलं न्हाय पर मेंढराच्या चालीवरनं त्याचं दुखणं सांगायचो, कळपातलं कुठलं लंगडतंय, कुठल्याचं पोट फुगणार हाय, सगळं. बढाई न्हाय मारत ताई, सांगतोय एवढ्यासाठी की तुम्ही इचारताय त्या चाफ्यापायी माझी सगळी अक्कल उतरली अन् शेवटी त्याच अकलेनं तारलं.

दिवाळी झाली की आमी कळप घेऊन निघायचो, रानोरान फिरायचो, शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढरं बसवायचे, लेंडीला सोन्यासारखा मान व्हता तवा, अन् वळवाचे ढग दिसाया लागले की माघारी. सोजर, माझी मंडळी, आधी संगं असायची, पुढं पोरगं शाळेत घातलं अन् ती गावातच राहिली. तिनं दारात चाफा लावला, पांढरा, मधी पिवळा. बाया म्हणल्या, अगं दारात कुठं चाफा लावतेत का, त्यो मसणवट्यात असतो. ही म्हणली, माझ्या दारात हाय, तुमच्या न्हाय, जावा. लई फटकळ! म्या माघारी यायचो तवा झाड फुलांनी भरलेलं असायचं अन् हिच्या आंबाड्यात एक फूल. काय सांगू तुम्हाला, पंचवीस वर्सांत त्या झाडाला म्या बघितलं ते फुलात न्हायतर पानात.

तीन वर्सं झाली तिला जाऊन. माझे गुडघे बी गेले, मेंढरं चुलतभावाला देऊन टाकली. पोरगा कळंबला मास्तर, त्यानं इथं घर बांधलं, गावची जागा इकली, घेणाऱ्यानं एका सकाळी जेसीबी आणून सगळं साफ केलं, घर बी अन् चाफा बी. पर आमची सून सुरेखा शहाणी, आदल्या दिवशीच जाऊन एक फांदी मोडून आणलेली. तिनंच ती कुंडीत लावली, स्लॅबवर ठेवली अन् जगवली, पावसाळ्यात हातभर पानं झाली. मला इथं शेहरात काही काम न्हाय बघा, दिवसभर त्या कुंडीपाशी बसायचो, सोजरची म्हणून तेवढीच एक वस्तू राहिलेली.

दिवाळीनंतर सुरेखा बाळंतपणाला म्हायेरी गेली. जाताना म्हणली, मामा, आत्याबाईच्या झाडाकडं ध्यान द्या. म्हणलं, तू बिलकुल फिकीर करू नगंस, दोनशे मेंढरं सांभाळली, एक झाड सांभाळंना व्हय? अन् आठ दिवसांत पान पिवळं पडलं. मग दुसरं. मग रोज सकाळी कुंडीभोवती पानांचा सडा. म्हणलं भूक लागली असंल, चुलतभावाकडनं पोतंभर लेंडी आणवली, ताजी, अन् भरली कुंडीत गळ्यापातूर. म्हणलं तहान असंल, सकाळी एक बादली, सांजच्याला एक बादली, थंडीचे दिवस अन् म्या आपला वततोय. सुरेखाचा फोन आला, मामा झाड कसं हाय? म्हणलं, झकास हाय. आयुष्यात लई कमी खोटं बोललो ताई, पर हे बोललो.

संक्रांतीच्या सुमाराला सगळी पानं गेली, निस्ती काठी राहिली. बुडाला अंगठ्यानं दाबलं तर अंगठा आत गेला. वास आला, अन् तो वास मला वळखीचा. मेंढरू ओल्या वाड्यात लेंडीत उभं राहिलं की खुरात सड शिरती, अगदी असाच वास. म्हणलं, अरं येड्या, मेंढराला जे कधी करू दिलं न्हाय ते तू या झाडाला केलंस!

पर सडीचं म्हाईत व्हतं मला. ट्रंकेतनं खूर तासायची सुरी काढली, चुलीच्या इस्तवावर फिरवली अन् बुडापासनं एक चकती कापली. आत तांबूस. पुन्यांदा कापलं, तांबूसच. अजून वर, मधी डाग. कापतोय अन् झाड आखूड व्हतंय, कमरेएवढं व्हतं ते गुडघ्याएवढं झालं, मग वीतभर राहिलं, त्याच्या वर निस्ता शेंडा, अन् म्या मोठ्यानं म्हणलं, सोजर, आता एवढंच हाय गं. शेवटची चकती कापली अन् पांढरं, सगळं पांढरं, अन् टपटप चीक गळाया लागला. रडलो म्या, लाज कशाची? खुराला लावतो तसा मोरचूद अन् चुना कालवून जखमेला लावला अन् जिन्याखाली सावलीत टांगून ठेवलं.

सुरेखा लेकरू घेऊन आली तर कुंडी रिकामी. सगळं कबूल केलं. ती आधी खोटं बोललो म्हणून तडकली, अन् मग कपाळाला हात लावून म्हणली, अहो मामा, चाफा थंडीत झडतोच की! दर साली झडतो. आत्याबाई पाणी बी घालायच्या न्हाईत तवा. म्हणायच्या, ह्यो उघडा पडला की तुझे मामा निघाले अन् फुलला की आले.

पंचवीस हिवाळे म्या गावात न्हवतोच की ताई, मला कोण सांगणार!

पंधरा दिवस वाळवली ती काठी. मग सुरेखानं नदीची वाळू, मुरूम, इटाचे तुकडे अन् मूठभर जुनं कुजलेलं खत अशी कुंडी भरली, बुडाला भोकं हायत का ते म्या चार बाऱ्या बघितलं, उनात ठेवली, आधाराला काडी बांधली. पाण्याचा मग्गा तिनं जो लपवला तो पान फुटल्यावरच दिला. गुढीपाडव्याला शेंड्यावर हिरवं टोक दिसलं अन् माझा जीव भांड्यात पडला. पावसाळ्यात पानाखाली तांबूस भुकटी धरली, ती पानं तोडून लांब टाकली, कापसासारखी कीड आली ती साबणाच्या पाण्यानं फडक्यानं पुसली. आता बायका स्लॅबवर येऊन मला इचारतेत, मामा, आमच्या चाफ्याला फुलं का येईनात? म्हणलं, उनात ठेव बाई, अन् खाऊ घालणं कमी कर.

मग दुसरी थंडी आली. पानं गळाया लागली तसा हात बादलीकडं जायचा अन् म्या माघारी घ्यायचो. सगळा हिवाळा त्या उघड्या काठीपाशी खुर्ची टाकून बसलो, काही न करता. तवा कळलं, सोजर हेच करत व्हती. मला आपलं वाटायचं, म्या गेल्यावर बी दारात फुलंच असतेत.

परवा कळ्या दिसल्या, काल सकाळी एक फूल उमललं. तुम्हाला बी फांदी देईन पुढच्या साली, फकस्त लेंडी घालू नका. सुरेखा ते फूल सोजरच्या फोटोला वाहायला तोडाया निघाली, म्या नगं म्हणलं. दोन दिस झाडावरच राहू दे, म्हणलं, तिला कळू दे, म्या आलोय.