दिव्यासाठी काढलेलं तेल

सन्माननीय अध्यक्ष तातेरावजी, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, सत्कारमूर्ती इनायतचाचा, पहिल्या रांगेतल्या मदीनाचाची आणि गोरेगावच्या आपल्या तेल गटातील शेतकरी बंधुभगिनींनो,

मी रेवती, गटाचे तेलाचे नमुने तपासणीला पाठवते. चाचांच्या घाण्यावरच्या बत्तीस वर्षांबद्दल मला पाच मिनिटं बोलायला सांगितलंय. लिहून आणलंय.

जवस म्हटलं की आपण सगळं एकच धरतो. पण एकाच रानात पेरलेल्या दोन वाणांचं तेल सारखं असतं का? आपल्या तपकिरी जवसात ओमेगा-३ भरपूर. यंदा आणलेल्या पिवळ्या वाणात ते मुळातच कमी. तेल दोन्ही शुद्धच. चाचांनी दोन्हींचा एकेक थेंब काचेवर उन्हात ठेवला होता. तपकिरीचा वाळून काचेला चिकटला, पिवळ्याचा ओलाच राहिला. "ह्यो वाळून न्हाई राहिला, पोरी. ह्याचा गुणच येगळा हाय."

त्यांचा एक नियम आपण सगळे जाणता. घाण्याच्या लाकडात आधीचं तेल मुरलेलं असतं, म्हणून वाण बदललं की पहिलं दोन किलो तेल बाटलीत जात नाही. ते दर्ग्यातल्या आणि महादेवाच्या दिव्याला जातं.

पिवळ्याच्या पहिल्या घाण्याचा ओमेगा-३चा आकडा तपासणीत चांगला आला. आपण तो लेबलावर छापला. मग हिंगोलीच्या व्यापाऱ्यानं बाटली पुन्हा तपासली, तर आकडा निम्मा. पुढचं सांगायला हवं का? "म्हातारा हलकं तेल मिसळून राहिला," हे सेनगावच्या जीपमध्ये मी या कानांनी ऐकलंय. दिवाळीनंतर ठरलेला चाचांच्या निरोपाचा हा समारंभ आधीच, आज उरकला जातोय, तो त्यामुळेच.

मागून कुणीतरी 'आटप' म्हणतंय. आटपते.

मला अक्षरं घरी आईनं शिकवली. ती खोडरबर द्यायची नाही. "एक रेघ मार, शेजारी बरोबर लिही. चूक दिसू दे," म्हणायची. परवा मी नोंदवही उघडली. घाणा सुरू झाला दहाला. पहिलं दोन किलो तेल निघायला अर्धा तास लागतो. माझ्या नमुन्याची वेळ सव्वादहा. गाडी दारात उभी होती, म्हणून घाईत मी दिव्याच्या डब्यातूनच बाटली भरली. त्यात लाकडात मुरलेलं तपकिरीचं तेल होतं. आकडा वाढला तो त्यामुळे. नंतरचा निम्मा आकडाच पिवळ्याचा खरा.

आज सकाळी मी विचारलं, "चाचा, तुम्हाला ठाऊक होतं. काहून बोलला नाहीत?"

म्हणाले, "तुझी नोकरी नवी हाय. माझी तर संपूनच राहिली."

चाचा, बसा. आज मला थांबवू नका.

अध्यक्षसाहेब, वहीत मी रेघ मारून शेजारी खरं लिहिलंय. खाली सही केली आहे. वही आपल्यासमोर ठेवते.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. ती एक चूक मात्र पोटात घालू नका. सेनगावच्या जीपमध्ये ती माझ्या नावानं सांगा.